लिव्हरपूलच्या गोद्या आणि गेलेला वारसा-दर्जा

जुलै 2021 मध्ये इंग्लंडमधल्या लिव्हरपूल या बंदर-शहराचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतून वगळले गेले. ओमानमधले एक अभयारण्य आणि जर्मनीतले ड्रेस्डेनचे एल्बे खोरे यांच्यानंतर अशी वेळ आलेले हे तिसरेच ठिकाण. कारण होते उत्तरेकडच्या किनाऱ्यावर आखलेल्या उंच इमारती आणि त्यांच्या शेजारी एका जुन्या गोदीत वाळू भरून बांधायचे फुटबॉल स्टेडियम. ज्या गोद्यांसाठी दर्जा मिळाला, त्या बुजवण्याची रीत मात्र या गावात दोनशे वर्षांची आहे.

1207 मध्ये राजाने सनद दिली, सात रस्त्यांचे गाव वसले आणि पुढची चार-साडेचार शतके सांगण्यासारखे फारसे काही घडले नाही. अडचण पाण्याची होती. मर्सी नदीत भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरपर्यंत जातो. ओहोटीला जहाज चिखलात रुतून बसे. 1715 मध्ये दरवाजे लावून पाणी अडवणारी गोदी सुरू झाली. व्यापारी जहाजांसाठीची अशी जगातली पहिली गोदी म्हणून ती ओळखली जाते. शंभरेक जहाजे तिच्यात मावत. जहाजे मोठी झाली, तशी ती अपुरी पडली. 1826 मध्ये ती बंद करून बुजवली आणि वर जकातघर बांधले. 1941 च्या बॉम्बहल्ल्यात ते जळाले. आज तिथे बाजारपेठ आहे आणि वाटेत बसवलेल्या काचेतून खाली त्या गोदीचा तुकडा दिसतो.

या गोदीच्या जोरावर अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनचा बहुतांश गुलामव्यापार लिव्हरपूलच्या हाती होता. 1807 मध्ये कायद्याने त्यावर बंदी आली, पण हात काही स्वच्छ झाले नाहीत, कारण त्यानंतर गोद्यांत येणारा कापूस अमेरिकेतल्या गुलामांनीच पिकवलेला होता. 1861 मध्ये तिकडे यादवी पेटली, दक्षिणेची बंदरे रोखली गेली आणि शेजारच्या लँकेशायरच्या कापडगिरण्या बसल्या. मग वऱ्हाड-खानदेशापासून गुजरातपर्यंतच्या कापसाला लिव्हरपुलात कधी नव्हे तो भाव आला. आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला म्हणून एरवी नाक मुरडले जाणारा हा माल. मुंबईत पैशाचा पूर आला आणि तो समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्यांच्या शेअरमध्ये गेला. 1865 मध्ये यादवी संपली, कापूस गडगडला आणि मुंबईतल्या बड्या बड्या पेढ्या बुडाल्या.

विसाव्या शतकात उतरती कळा लागली. कंटेनर आले तसे नदीच्या मुखाशी नवे बंदर झाले आणि 1846 ची अल्बर्ट गोदी 1972 मध्ये बंद पडून गाळाने भरली. 1931 मध्ये साडेआठ लाखांच्या आसपास असलेली वस्ती 2001 पर्यंत साडेचार लाखांच्या खाली आली. 1981 च्या दंगलीनंतर एका वरिष्ठ मंत्र्याने या शहरावर पैसा ओतण्यापेक्षा त्याला शिस्तीत उतरणीला लागू देण्याचा पर्यायही विसरू नये, असे पंतप्रधानांना कळवले होते. तीस वर्षांनी कागद खुले झाले. आपण तशी शिफारस केली नव्हती, असा त्या मंत्र्याचा खुलासा होता. लिव्हरपूलकरांच्या मनातून मात्र ते गेलेले नाही.

2004 चा वारसा-दर्जा या पार्श्वभूमीवर आला. 2012 मध्ये उत्तर गोद्यांवरच्या मोठ्या बांधकाम योजनेला मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षी शहर धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेले. युनेस्कोच्या वारसा समितीने नव्या बांधकामांना स्थगिती मागितली. स्थानिक प्रशासन बधले नाही. अखेर 13 विरुद्ध 5 मतांनी नाव वगळले गेले. समितीचे म्हणणे नियमाला धरून होते. पाण्याशी असलेला गोद्यांचा आडवा, मोकळा पसारा उंच इमारतींनी मोडतो, हे खरेच. पण तो पसारा ज्या भागात टिकवायचा होता, तिथे रोजगार नव्हता आणि पर्यटकही फिरकत नसे, हे मतदान करणाऱ्यांनी किती जोखले, हा प्रश्न उरतो. शिवाय जिच्यावरून एवढे वादळ उठले, ती 1848 ची गोदी स्टेडियमसाठी भरताना तिच्या दगडी भिंती जपल्या गेल्या. 1826 मध्ये एवढी काळजी कोणी घेतली नव्हती.

सुमारे 53 हजार प्रेक्षकांचे ते स्टेडियम 2025 मध्ये सुरू झाले. उंच इमारतींची योजना मात्र रेंगाळतच चालली आहे. अल्बर्ट गोदीला 1950 च्या दशकापासून ब्रिटिश कायद्याचे पहिल्या श्रेणीचे संरक्षण आहे आणि यादीतून नाव गेल्याने त्यात काहीही फरक पडलेला नाही.