शंभरवर थांबलेला आकडा

ऑगस्ट २०१३. फुकुशिमा दाइइची अणुऊर्जा केंद्राच्या आवारात दूषित पाण्याच्या टाक्यांची पाहणी चालू होती. एका टाकीच्या तळाशी किरणोत्सार मोजणारा मीटर धरला, तेव्हा आकडा आला ताशी १०० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराचे एकक). काही दिवसांनी त्याच टाकीपाशी दुसरा मीटर नेला, तर त्याने दाखवले ताशी १,८०० मिलिसिव्हर्ट! पहिला मीटर मुळात १०० पर्यंतच मोजू शकत होता. १०० च्या पुढे किती, हे सांगण्याची सोयच त्यात नव्हती. (या १,८०० मध्ये मोठा वाटा बीटा किरणांचा होता आणि ते थोड्या अंतरावरच क्षीण होतात. हेही सांगायला हवे, नाहीतर आकडा उगाच घाबरवतो.)

मीटर बिघडला म्हटले की आपल्याला काळा पडलेला पडदा आठवतो. असा बिघाड तसा परवडला, कारण तो लगेच कळतो. खरी काळजी वाटते ती पटण्याजोगा आकडा दाखवत राहणाऱ्या मीटरची.

हे कसे घडते ते समजण्यासाठी गायगर-म्युलर नळीत डोकावू. १९२८ मध्ये तयार झालेली ही नळी आजही सगळीकडे वापरात आहे. बंद नळीत थोडा वायू, मधोमध बारीक तार आणि तारेवर काहीशे व्होल्टचा दाब. किरण आत शिरला की वायूच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात. ते तारेकडे झेपावताना वाटेतल्या आणखी अणूंना धडकतात, आणखी इलेक्ट्रॉन सुटतात आणि क्षणार्धात विजेचा एक ठोका उमटतो. तोच तो ओळखीचा ‘टक्’ आवाज.

पण प्रत्येक ठोक्यानंतर नळीला सावरायला साधारण १०० मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात दुसरा किरण आला तर तो मोजलाच जात नाही. सेकंदाला १०० किरण येत असतील तर चूक जेमतेम एक टक्क्याची. १०,००० येऊ लागले की मोजणी ५,००० च्या आसपास, म्हणजे निम्मी. मारा आणखी वाढला तर काही रचनांमध्ये नळीला सावरायला उसंतच मिळत नाही. ठोके अर्धवट उठतात, यंत्रणा ते ठोके म्हणून धरत नाही आणि काटा चक्क खाली उतरू लागतो. माणूस सर्वांत धोक्याच्या जागी उभा आणि मीटर म्हणतोय, फारसे काही नाही! म्हणून चांगल्या मीटरमध्ये नळी गुदमरल्याचे ओळखून ‘मर्यादेबाहेर’ असा इशारा देणारे सर्किट असते आणि तीव्र किरणोत्सारासाठी आयन चेंबरसारखे वेगळे उपकरण वापरतात.

२६ एप्रिल १९८६ च्या रात्री चेर्नोबिलमध्ये हाताशी असलेले बहुतेक मीटर ताशी ३.६ राँटजेनवर (किरणोत्साराचे जुने एकक) जाऊन टेकले. त्यांची मर्यादाच तेवढी होती. मोठ्या मर्यादेचे एक उपकरण स्फोटानंतर हाती लागेना आणि दुसरे चालू करताच बंद पडले. त्यामुळे अणुभट्टी शाबूत आहे हा समज टिकून राहिला. पहाटे आणखी एका मीटरने फार मोठा आकडा दाखवला, तेव्हा तोच नादुरुस्त ठरवला गेला. ही गोष्ट वाचताना दर वेळी पोटात कालवते. बाकीचे सगळे एकाच आकड्यावर होते, कारण सगळे एकाच जागी अडले होते.

अमेरिकेत १९७९ च्या थ्री माइल आयलंड अपघातानंतर हाच धडा नियमांत उतरला. अणुभट्टीभोवतीच्या सुरक्षा-घुमटात ताशी १० कोटी रॅडपर्यंत (हेही किरणोत्साराचे जुने एकक) मोजू शकणारे मीटर बसवणे बंधनकारक झाले. पुढे या मीटरच्या केबलमध्येच खोट निघाली. तापमान झपाट्याने बदलले की काही केबलमध्ये आपोआप किंचित प्रवाह निर्माण होतो. या मीटरमधल्या आयन चेंबरचा खरा सिग्नलही तितकाच नाजूक असल्यामुळे मीटर त्या उष्णतेलाच किरणोत्सार समजतो. अपघातात वाफ घुमटात पसरते, म्हणजे खऱ्या आकड्याची निकड असते नेमकी तेव्हाच ही गफलत होणार.

मग शून्याचे काय? तार तुटली तरी शून्य आणि किरणोत्सार नसला तरी शून्य, असे चालणार नाही. म्हणून कित्येक उद्योगांत सिग्नल ४ ते २० मिलिअँपिअरच्या पट्ट्यात पाठवतात. मापाची सुरुवात ४ पासून होते. प्रवाहच थांबला तर नियंत्रण कक्षाला कळते की गडबड तारेत आहे. शिवाय निसर्गात किरणोत्सार सगळीकडेच थोडाफार असतो, त्यामुळे निरोगी नळी कधीही पूर्ण गप्प बसत नाही. ठोके ठरावीक संख्येच्या खाली गेले तरी अलार्म वाजतो. ही युक्ती मला फार आवडते. जो थोडासा किरणोत्सार कुठेही टळत नाही, तोच इथे मीटरची नाडी तपासायला उपयोगी पडतो.

हवेतील किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रांचे दुखणे निराळे. त्यांत पंप हवा ओढतो, धूलिकण फिल्टरच्या कागदावर बसतात आणि डिटेक्टर त्या कागदाकडे पाहत असतो. पंप बंद पडला तरी डिटेक्टर आपले काम चोख करतोच, फक्त जुन्याच कागदावर. म्हणून हवेच्या प्रवाहावरही वेगळी नजर ठेवावी लागते.

उपकरण धडधाकट असूनही माणसाचा त्याच्यावर विश्वास नसेल तर? २४ मार्च २०११ ला फुकुशिमातील तिसऱ्या युनिटच्या टर्बाइन इमारतीत तीन कामगार केबल टाकत होते. पायाखाली पाणी होते. अंगावरचे डोसिमीटर, म्हणजे शरीराला मिळालेला किरणोत्सार मोजणारी छोटी यंत्रे, वाजू लागले. यंत्रच बिघडले असावे असे समजून काम चालूच राहिले. मीटर बरोबर होते. तिघांनाही १७० मिलिसिव्हर्टहून अधिक डोस मिळाला होता आणि दोघांच्या पायांना दूषित पाणी लागले होते. त्या कामगारांना दोष देणे मला पटत नाही. उगाच वाजणारा अलार्म चार वेळा ऐकलेला माणूस पाचव्या वेळी धावत सुटत नाही.

म्हणूनच मीटरची नियमित तपासणी होते. तंत्रज्ञ सीझियम-१३७ सारखा छोटा, ठाऊक ताकदीचा स्रोत डिटेक्टरजवळ नेतो. आकडा अपेक्षेइतका चढला पाहिजे, ठरलेल्या जागी अलार्म वाजला पाहिजे आणि स्रोत दूर नेताच आकडा उतरला पाहिजे. यातले काही चुकले तर मीटर ‘सेवेबाहेर’ अशी नोंद होते. मग तिथे हातातला मीटर घेऊन माणूस फेऱ्या मारतो किंवा ठरलेल्या तासांनी हवेचे, पाण्याचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत नेले जातात. दुरुस्त झालेला मीटर पुन्हा त्याच स्रोतासमोर तपासला जाईपर्यंत हे चालू राहते.