सलाईनने फ्लू जात नाही

थंडी पडली की जळगाव-धुळ्याकडच्या दवाखान्यांत एकच मागणी ऐकू येते : "अंग मोडून आलंय, एक सलाईन लावून द्या." नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. ज्याच्या पोटात पाणी ठरत नाही त्याला ते हवंच. पण फ्लूच्या विषाणूला त्याचं काही सोयरसुतक नाही. अँटिबायोटिकचंही तेच. ती जिवाणूंवर चालतात. फ्लूच्या मागोमाग जिवाणूंचा न्यूमोनिया झाला, तरच त्यांचं काम.

मग विषाणूवर चालतं काय? त्यासाठी त्याच्या अंगावरची दोन प्रथिनं बघू. एक हिमॅग्लुटिनिन, दुसरं न्यूरामिनिडेज. एच१एन१ या फ्लूच्या नावातले एच आणि एन ते हेच. आपल्या श्वासनलिकेतल्या पेशींवर सियालिक आम्ल नावाची एक साखर असते. हिमॅग्लुटिनिन ती धरतं आणि विषाणू आत शिरतो. काही तासांत नवे विषाणू पेशीच्या पडद्यातून बाहेर येतात. पण पडद्यावर तेच सियालिक आम्ल! केळीचा घड कापताना हाताला चीक लागावा तसे ते जागीच चिकटून राहतात. न्यूरामिनिडेज हे सियालिक आम्ल छाटतं, तेव्हा कुठे ते सुटतात.

या प्रथिनाच्या माथ्यावर एक खोबण आहे, छाटणी तिथेच होते. विषाणू दरवर्षी रूप पालटतो, पण ही खोबण ए आणि बी दोन्ही प्रकारांत जवळपास सारखीच, कारण ती बिघडली तर त्याची स्वतःचीच सुटका नाही. १९८३ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी न्यूरामिनिडेजची रचना उलगडली आणि त्या खोबणीत बसेल असा रेणू घडवणं शक्य झालं. १९९९ मध्ये मान्यता मिळालेलं ओसेल्टामिविर हे औषध म्हणजे तसाच रेणू. छाटणी चालू असताना सियालिक आम्लाचा जो क्षणिक आकार होतो, त्याची ही नक्कल. न्यूरामिनिडेज ही अमिनो आम्लांची साखळी; तिच्यात २७५व्या जागी हिस्टिडीन या अमिनो आम्लाऐवजी टायरोसीन आलं की खोबणीचा कोपरा बदलतो आणि औषध नीट बसत नाही. २००८-०९ च्या हंगामी एच१एन१मध्ये हेच झालं होतं.

हे औषध विषाणूला मारत नाही, फैलाव रोखतं. विषाणूंची संख्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच कळस गाठते, म्हणून ते ४८ तासांत सुरू झालेलं उत्तम. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस, दमा किंवा मधुमेह असलेला यांनी "बघू दोन दिवस" म्हणू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावं. धडधाकट माणूस आराम, भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉलवर बरा होतो. मुलांना ॲस्पिरिन मात्र देऊ नका.

रावेर-यावलसारख्या केळीच्या मुलखातही ताप आला की पोराची केळी बंद करतात. केळ्याने फ्लू होत नाही, आणि गळ्यातल्या कापूर-ओव्याच्या पुरचुंडीने तो अडतही नाही. अडवते ती लस, तीही शंभर टक्के नाही. पण आजार गंभीर होण्याचा धोका ती नक्की कमी करते. विषाणू बदलतो, म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये वाढतो, आणि लशीचा असर यायला दोन आठवडे लागतात. सारंगखेड्याच्या यात्रेला निघताना आदल्या दिवशी टोचून घेऊन भागत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाला ती देता येत नाही. त्याच्या आईने गरोदरपणात घेतली, तर तिची प्रतिपिंडं बाळाला मिळतात.