दोन अँटीव्हायरस म्हणजे दुप्पट सुरक्षा? नाही!

"जुना राहू दे, नवाही टाक, दोन पहारेकरी केव्हाही बरे." हा सल्ला इंदूरच्या आपल्या मराठी घरांत वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे.

रविवारी रामबागेत काकूंचा कॉम्प्युटर पाहिला. वर्डची एक फाइल उघडेपर्यंत चहा गार झाला. खाली घड्याळाजवळ दोन अँटीव्हायरसची चिन्हं शेजारी शेजारी. उघडणारी प्रत्येक फाइल दोघंही अडवून तपासतात. कधीकधी तर एक दुसऱ्याच्याच फाइलींना व्हायरस समजतो.

म्हणून आधी जुना सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्समध्ये जाऊन काढा, रीस्टार्ट करा, मगच नवा टाका. काही उरलंसुरलं राहिलं, तर त्याच कंपनीच्या साइटवरचं रिमूव्हल टूल वापरा. मधल्या वेळात कॉम्प्युटर उघडा पडेल ही भीती नको. विंडोज १० आणि ११ मध्ये आधीपासूनच असलेला अँटीव्हायरस, म्हणजे डिफेंडर, दुसरा अँटीव्हायरस आला की सहसा आपोआप बाजूला होतो, तो गेला की पुन्हा कामाला लागतो. बहुतेक घरांना डिफेंडर एकटाच पुरतो, असं माझं ठाम मत आहे.

एक काढल्यावर काकूंची तीच फाइल चटकन उघडली. त्यांचं विंडोज मात्र १० आहे, आणि त्याचा नियमित सपोर्ट, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. पुढच्या रविवारी ११ चालतं का ते बघणार आहे.