अल्पखर्ची विज्ञानपट

अल्पखर्ची विज्ञानपट : वैज्ञानिक कल्पनेवर आधारलेला आणि चित्रपटसंस्थेच्या भांडवलाविना, निर्मात्याच्या स्वतःच्या किंवा मित्रपरिवाराच्या पैशांवर काढलेला कथापट. खर्चाची ठरावीक मर्यादा मानलेली नाही. अमेरिकेत २००४ साली प्रदर्शित झालेला ‘प्रायमर’ सुमारे ७,००० डॉलरांत झाला असे सांगितले जाते. मात्र अशा आकड्यांत नट-तंत्रज्ञांचे विनामोबदला श्रम सहसा धरलेले नसतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः नागपूर व भोवतालच्या परिसराच्या संदर्भात विचार केला आहे.

भारतीय विज्ञानपटाचा आरंभ कोठून मानावा, याविषयी एकमत नाही. अनेक सूचींत १९५२ चा तमिळ ‘काडु’ पहिला धरला जातो. अमेरिकन सहनिर्मितीचा हा चित्रपट जंगलातील मॅमथांभोवती फिरतो. त्यामुळे तो साहसपटात मोडतो, असा आक्षेप घेता येतो. परग्रहवासी ही कसोटी लावल्यास मान १९६३ च्या ‘कलै अरसि’ या तमिळ चित्रपटाकडे जातो. दोन्ही दावे कथेच्या विषयावरून केलेले आहेत. तंत्राच्या अंगाने पाहिल्यास धागा आणखी मागे, दादासाहेब फाळके यांच्यापर्यंत नेता येतो. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) पूर्वी, १९१२ च्या सुमारास, त्यांनी वाटाण्याचे रोप उगवताना एकेक चौकट (फ्रेम) टिपून एक लघुपट केला. तो दाखवून पुढील कामासाठी भांडवल उभे केले, असे चरित्रकार सांगतात. त्यात कथा नाही, त्यामुळे त्याला विज्ञानपट म्हणणे धाडसाचे होईल. तरीही डोळ्यांना न दिसणारी घटना एका कॅमेऱ्याने, घरच्या घरी, पैशांऐवजी वेळ खर्चून दाखवण्याची रीत येथे प्रथम आढळते. अल्पखर्ची निर्मितीचा विचार करताना हा उगम अधिक ग्राह्य वाटतो.

मराठीत विज्ञानकथेची परंपरा विज्ञानपटापेक्षा कितीतरी समृद्ध आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या (स्थापना १९६६) कथास्पर्धेसाठी जयंत नारळीकर यांनी नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे यांच्या कथांतही दोन खोल्या आणि चार पात्रे यांत भागू शकेल असे पुष्कळ आहे. नवोदितांना बहुधा ठाऊक नसते ते असे, की भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो आणि लघुपटासाठीही लेखी परवानगी लागते.

तंत्र : लहान प्रतिकृती मोठी भासवणे हा स्वस्त मार्ग आजही टिकून आहे. वस्तू पडण्यास लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणून १/२५ मापाच्या प्रतिकृतीतील मनोरा पाचपट लवकर कोसळतो आणि लगेच खेळणे वाटतो. उपाय म्हणून चित्रण तितक्याच पट वेगाने करून सेकंदाला २४ चौकटींच्या नेहमीच्या गतीने दाखवतात : १/१६ मापासाठी ९६, १/२५ साठी १२०, तर १/१०० साठी २४० चौकटी. शेवटचे दोन वेग आता अनेक मोबाइलांत मिळतात. शिवाय मोबाइलचा संवेदक (प्रकाश टिपणारा सेन्सर) लहान असल्याने पुढचे-मागचे सारेच स्पष्ट दिसते, आणि प्रतिकृतीची लबाडी उघडी पाडणारी धूसर पार्श्वभूमी आपोआप टळते. वाढीव वेगाला प्रकाश भरपूर लागतो. तो नागपूरच्या मे महिन्यात उन्हातून फुकट मिळतो, फक्त पारा ४५ अंशांकडे गेला की मोबाइल तापून चित्रण बंद पाडतो. पाणी व आग यांना मात्र हे गणित लागू पडत नाही. थेंबाचा आकार मापानुसार लहान होत नाही, त्यामुळे पूर आणि स्फोट शक्यतो संवादात उरकतात.

क्रोमासाठी, म्हणजे पात्रामागचे एकरंगी कापड पुसून तेथे दुसरे दृश्य बसवण्यासाठी, हिरवे कापड वापरण्याचे कारण रंगरुचीत नाही : बहुतेक संवेदकांत हिरव्या रंगाचे बिंदू तांबड्या वा निळ्याच्या दुप्पट असतात. मोबाइल रंगांची माहिती दाबून साठवतो, त्यामुळे केसांच्या कडा फाटक्या निघतात. पात्राला हेल्मेट घालणे हा यावरचा जुना तोडगा. संगणकीय दृश्यांसाठी २००२ पासून मुक्तस्रोत असलेले ब्लेंडर हे सॉफ्टवेअर प्रचारात आहे.

स्थळे : शहराबाहेर नेपथ्य आयते मिळते. कोराडी व खापरखेडा येथील वीज केंद्रांच्या चिमण्या, उमरेड भागातील उघड्या कोळसा खाणींचे ढिगारे, मनसर-कांद्रीचा मँगनीजचा काळपट मुलूख ही त्यांतली काही. चालू खाणीत परवानगीवाचून शिरणे बेकायदेशीर आणि जिवावर बेतणारे आहे. लांबून टिपलेले दृश्य बहुतेक वेळा पुरते. लोणार (जि. बुलडाणा) येथील सुमारे १.८ किमी. व्यासाचे उल्काघाती विवर परग्रह म्हणून सहज खपेल, पण ते अभयारण्य असल्याने वनखात्याची संमती लागते. जून २०२० मध्ये तेथील पाणी गुलाबी झाले होते. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळत गेलेले चिनी अग्निबाणाचे अवशेष असंख्य मोबाइलांत टिपले गेले. त्यांतील सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरीत सापडले. इतके तयार कथाबीज दुसऱ्या कोणा प्रदेशाच्या वाट्याला क्वचितच आले असेल.

ड्रोनबाबत नागपुरात विशेष सावधगिरी हवी. विमानतळ शहरालगत आहे आणि हवाई दलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालयही येथेच आहे. २०२१ च्या नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमी. पट्ट्यात २०० फुटांपेक्षा उंच उडवण्यास परवानगी लागते. त्याहून जवळ निर्बंध अधिक कडक आहेत.

नटवर्ग मुख्यतः हौशी रंगभूमीवरून येतो. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्याची त्यांची सवय कॅमेऱ्यासमोर मोडावी लागते. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत नाटकांचे पडदे रंगवणारे कारागीर आहेत. त्यांच्या हाताचा विज्ञानपटाने आजवर फारसा उपयोग करून घेतलेला नाही.

नागपुरात वाढलेल्या आरती कडव यांचे काम या संदर्भात उल्लेखनीय आहे. त्यांचा हिंदी ‘कार्गो’ (२०१९) मृतांना पुनर्जन्मासाठी तयार करणाऱ्या यानात घडतो आणि यानाला पुष्पक हे नाव देऊन पुराणकथेचाच आधार घेतो. ‘५५ किमी प्रतिसेकंद’ (२०२०) हा त्यांचा लघुपट टाळेबंदीत, नटांनी आपापल्या घरीच चित्रित केलेल्या दृश्यांतून तयार झाला. मराठी विज्ञानपटांत सुजय डहाके यांचा ‘फुंतरू’ (२०१६) नमूद करावा लागतो.

प्रदर्शन : चित्रपटगृहासाठी केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र आवश्यक, आंतरजालावरील प्रदर्शनास ते लागत नाही.