२डी७ : सीसीआर५ ओळखणाऱ्या अँटिबॉडीची पार्श्वभूमी

फ्लो सायटोमीटर म्हणजे रंगीत अँटिबॉडी चिकटवलेल्या पेशी एकेक करून मोजणारे यंत्र. त्याच्या पडद्यावर सीसीआर५ चा, म्हणजे एचआयव्ही ज्याला धरून पेशीत शिरतो त्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचा, सिग्नल दिसला नाही, की पहिला संशय अँटिबॉडीवर जातो: बाटली जुनी असेल, फ्रीज बंद पडला असेल. कधी तेही खरे असते. पण २डी७ हा क्लोन, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून मिळणारी अँटिबॉडी, वापरात असेल तर आधी रक्ताचा प्रवास तपासावा. ही अँटिबॉडी सीसीआर५ प्रथिनाची विशिष्ट घडी ओळखते. प्रथिन असूनही घडी मोडलेली किंवा झाकलेली असेल, तर ती गप्प बसते. ती अशी का आहे, याचे उत्तर ती कशी तयार झाली यात सापडते.

एचआयव्ही पेशीत शिरताना सीडी४ या काही पांढऱ्या पेशींवरच्या प्रथिनाचा आधार घेतो, हे १९८४ साली कळले होते. मात्र उंदराच्या पेशीवर मानवी सीडी४ बसवले तरी विषाणू आत शिरत नव्हता. दुसरी काहीतरी कडी हवी होती आणि ती सापडायला बारा वर्षे गेली. गोव्यात याच काळात, १९८९ मध्ये, रक्तदानानंतर एचआयव्ही बाधित ठरलेल्या एका तरुणाला म्हापशात दोन महिन्यांहून अधिक काळ कोंडून ठेवले गेले. सार्वजनिक आरोग्य कायद्यात सक्तीच्या विलगीकरणाची तरतूदच होती. विषाणू पेशीत नेमका कुठून शिरतो हे तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हते. कायदा मात्र तयार होता.

डिसेंबर १९९५ मध्ये रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले, की रँटीस, एमआयपी-१ अल्फा आणि एमआयपी-१ बीटा हे तीन केमोकाइन, म्हणजे पेशींना हाक मारणारी छोटी प्रथिने, एचआयव्हीला अडवतात. मे १९९६ मध्ये एडवर्ड बर्जर यांच्या गटाने फ्यूसिन, म्हणजे आजचा सीएक्ससीआर४, हे एचआयव्हीच्या काही प्रकारांना आत घेणारे प्रथिन शोधले. ब्रसेल्समध्ये मार्क पार्मेंतिये यांच्या गटाने त्याच वर्षी सीसीआर५ चे जनुक क्लोन केले होते, आणि त्याला चिकटणारे केमोकाइन नेमके गॅलोंचेच तीन निघाले. जूनमध्ये एकापाठोपाठ एक पाच शोधनिबंध आले आणि उरलेल्या प्रकारांसाठी सीसीआर५ हीच ती हरवलेली कडी ठरली. ऑगस्टमध्ये डेल्टा-३२ ची भर पडली: जनुकातील ३२ बेस गळालेल्या असतील तर प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येतच नाही, आणि अशा दोन प्रती असलेल्या माणसांना सहसा लागण होत नाही. हा बदल युरोपात बऱ्यापैकी आढळतो, भारतात अगदी विरळ. त्यामुळे आपल्याकडच्या नमुन्यात सीसीआर५ दिसला नाही तर डेल्टा-३२ चा विचार सर्वांत शेवटी करावा.

जनुक हाती आले, पण प्रत्येक पेशीवर हे रिसेप्टर, म्हणजे केमोकाइन धरणारी प्रथिने, किती आहेत हे मोजायचे तर अँटिबॉडी हवी. खरी अडचण इथे होती. सीसीआर५ ही ३५२ अमिनो आम्लांची साखळी पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार जाते. बाहेर उरते ते एक टोक आणि तीन छोटे फास, तेही डायसल्फाइड बंधांनी, म्हणजे गंधकाच्या अणूंच्या जोडांनी, एकमेकांना जखडलेले. एखादा तुकडा कृत्रिमरीत्या बनवून उंदराला टोचला, तर सुट्या तुकड्याला ओळखणारी अँटिबॉडी मिळते. जिवंत पेशीवरची घडी तिला ओळखता येईलच असे नाही. म्हणून उलटा मार्ग धरला गेला. उंदराच्याच एल१.२ या पेशीत मानवी सीसीआर५ चे जनुक घातले आणि ती अख्खी पेशी उंदराला टोचली. उंदराला त्यात परके वाटण्याजोगे मुख्यतः सीसीआर५ च होते. पुढचे काम कोहलर आणि मिल्स्टाइन यांच्या १९७५ च्या हायब्रिडोमा पद्धतीचे: अँटिबॉडी बनवणारी पेशी कर्कपेशीशी जोडून ती अखंड वाढवायची. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात २डी७ आणि ३ए९ हे क्लोन आले. ३ए९ बाहेरच्या टोकाला धरतो, २डी७ दुसऱ्या फासाला.

दुसरा फास म्हणजे केमोकाइनची बसायची जागा. त्यामुळे २डी७ आधी बसली तर रँटीसला जागा मिळत नाही, आणि रँटीस आधी बसले तर २डी७ ला. शिवाय केमोकाइन चिकटला की पेशी तो रिसेप्टर आत ओढून घेते. आता रँटीसचा मोठा साठा कुठे असतो? प्लेटलेटच्या कणिकांमध्ये. काणकोणहून निघालेली रक्ताची नळी मे महिन्यात करमल घाटाची वळणे घेत, हिंदकळत, तापत बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, पोहोचते, तेव्हा प्लेटलेट वाटेतच रँटीस सोडू लागलेले असू शकतात. पेशी जिवंत, सीडी४ पेशींचा आकडा ठीक, फक्त सीसीआर५ घटलेला. अशा वेळी त्याच रक्ताची एक नळी ३ए९ ने रंगवावी. ३ए९ दिसतो आणि २डी७ नाही, तर रिसेप्टर पृष्ठभागावर आहे पण जागा अडलेली आहे. दोन्ही नसतील तर तो बहुधा आत गेलेला आहे. ही तपासणी स्वस्त आहे, पण फारसे कुणी करत नाही.

बाकीची पथ्येही याच कारणांतून येतात. शक्यतो त्याच दिवसाचे रक्त घ्यावे. १०० मायक्रोलिटर अख्ख्या रक्तात आधी अँटिबॉडी घालावी, २० ते ३० मिनिटे अंधारात ठेवावे, मगच तांबड्या पेशी फोडाव्यात. पेशी टिकवणारे फॉर्मल्डिहाइड शेवटी, कारण आधी वापरले तर घडी बिघडू शकते. धुण्याच्या द्रावात ०.१ टक्का सोडियम अझाइड असले की रिसेप्टर आत ओढला जाण्याला आळा बसतो. वेस्टर्न ब्लॉटसाठी, म्हणजे प्रथिने उलगडून पट्टीवर ओळखण्याच्या चाचणीसाठी, २डी७ घेऊच नये: मर्कॅप्टोइथेनॉलने डायसल्फाइड बंध तुटतात आणि तिला ओळखायला काही उरत नाही.

सिग्नल मुळातच मंद असतो, म्हणून २डी७ बहुधा फायकोएरिथ्रिन, म्हणजे पीई, या तेजस्वी रंगाला जोडून घेतात. हा रंग तांबड्या शैवालातून येतो. गोव्याच्या खडकांवर पावसाळ्यात उगवणारे पोर्फायरा त्याच गटातले. पीई जोडलेली बाटली २ ते ८ अंशांवर ठेवावी, गोठवू नये. अँटिबॉडीची मात्रा बाटलीवर छापलेली असली तरी दुपटीने पातळ करत एकदा स्वतः ठरवून घ्यावी.

उलटी चूकही होते, म्हणजे सीसीआर५ नसताना दिसतो, आणि ती जास्त फसवी. त्याच पॅनेलमध्ये, म्हणजे एका नळीतल्या रंगांच्या संचात, पीई-सीवाय७ हा पीईला दुसरा रंग जोडून केलेला जोडरंग असेल आणि वीज गेल्यावर ती बाटली तासन् तास गरम किंवा उजेडात राहिली, तर जोडरंगाची साखळी तुटते आणि तो पीईच्या रकान्यात चमकू लागतो. मग सीडी४ ला पीई-सीवाय७ लावलेले असेल, तर प्रत्येक सीडी४ पेशी सीसीआर५ धारक दिसते. ओळखायची खूण नळीतच असते: सीडी४५आरए आणि सीसीआर७ ही दोन्ही प्रथिने असलेल्या, अजून प्रतिजनाशी गाठ न पडलेल्या सीडी४ पेशींवर सीसीआर५ जवळपास नसतो. त्याही चमकल्या, तर २डी७ वगळून बाकी सगळे रंग घातलेली नळी चालवावी. चमक तिथेही कायम राहिली तर पीई-सीवाय७ ची बाटली टाकून द्यावी.