शून्य, भोपळा आणि ग्वाल्हेर

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात प्रश्नमंजूषा असली की एक प्रश्न हटकून येतो: जगातलं पहिलं शून्य कुठे सापडलं? दहा पोरं एकदम ओरडतात, ‘इथेच, आपल्या किल्ल्यावर!’ टाळ्या पडतात. उत्तर अर्धंच बरोबर आहे.

किल्ल्याच्या पूर्वेकडच्या चढणीवर एकाच खडकात कोरलेलं चतुर्भुजाचं छोटंसं देऊळ आहे. वर निघालेली माणसं बहुधा ते न बघताच पुढे जातात. आतल्या शिलालेखावर साल आहे संवत ९३३, म्हणजे इ.स. ८७६. मजकूर अगदी घरगुती: देवासाठी २७० हात बाय १८७ हात फुलबाग आणि माळ्यांकडून रोज ५० हार. आकडे आपल्यासारखेच, स्थानाप्रमाणे किंमत धरून लिहिलेले. २७० आणि ५० मधलं शून्य म्हणजे शेजारच्या अंकांपेक्षा बारीक, जरासं वर चढलेलं वाटोळं.

पण पहिलं? कंबोडियातल्या एका शिलालेखात शके ६०५, म्हणजे इ.स. ६८३ आहे आणि तिथे शून्याच्या जागी ठिपका आहे. ब्रह्मगुप्ताने तर ६२८ मध्येच शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम मांडले होते. (शून्याला शून्याने भागलं की शून्यच, हे मात्र त्याचं चुकलं.) मला ग्वाल्हेरचं कौतुक वाटतं ते त्या हारांमुळे. शून्य तोवर ज्योतिषाच्या पोथीतून उतरून माळ्याच्या हिशेबात येऊन बसलं होतं.

पुढचा प्रश्नही ठरलेला: वन-डेतलं पहिलं द्विशतक? २४ फेब्रुवारी २०१०, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सचिन तेंडुलकर, १४७ चेंडूंत नाबाद २००, तेही आपल्याच गावात. भोपळा न फोडता परतणाऱ्याची आपण चेष्टा करतो. इथे दोन भोपळ्यांसाठी सगळं स्टेडियम उभं राहिलं. प्रश्नात ‘पुरुषांच्या’ हा शब्द मात्र घालायला हवा. ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने १९९७ मध्येच मुंबईत डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ केल्या होत्या.

आणि ज्याच्या नावाच्या स्टेडियमवर सचिनचं द्विशतक झालं तो कॅप्टन रूपसिंह क्रिकेटवाला नव्हताच. तो ध्यानचंदांचा धाकटा भाऊ. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ असं हरवलं, त्यातले १० गोल त्याचे.