बॉयडेल शेक्सपियर छापचित्रे

शेक्सपियरच्या नाटकांतील प्रसंगांवर अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये तयार झालेली, ताम्रपटांवर कोरून छापलेली चित्रे. जॉन बॉयडेल हा मूळचा ताम्रपट कोरणारा. पुढे छापचित्रांचा बडा व्यापारी झाला आणि १७९० मध्ये लंडनचा महापौरही. १७८६ मध्ये त्याने पुतण्या जोसाया याच्यासह ही योजना आखली : नामवंत चित्रकारांकडून तैलचित्रे करून घ्यायची, ती लोकांना दाखवायची आणि त्यांवरून काढलेली छापचित्रे वर्गणीदारांना विकायची. ४ मे १७८९ रोजी पॅल मॅल रस्त्यावर ३४ चित्रांनिशी गॅलरी उघडली. रेनल्ड्स, फ्यूझेली, रॉम्नी, बेंजामिन वेस्ट, अँजेलिका काउफमान असे चित्रकार त्यात होते. गाजली ती गॅलरी. धंद्याचे पोट मात्र छपाईवर होते.

ही ‘नाटकाची’ चित्रे असली तरी रंगभूमी त्यांत क्वचितच दिसते. चित्रकार होगार्थच्या १७४६ च्या छापचित्रात तिसऱ्या रिचर्डच्या वेशातला गॅरिक हा नट सरळ ओळखू येतो. बॉयडेलच्या चित्रकारांनी बहुधा संहिता वाचून आपल्या मनातला प्रसंग रंगवला. फ्यूझेलीच्या चित्रावरून रॉबर्ट थ्यूने कोरलेले हॅम्लेटच्या वडिलांचे भूत पाहावे : चिलखत घातलेला राजा, मागे चंद्रप्रकाशातला समुद्र आणि सोबत्यांच्या पकडीतून सुटू पाहणारा हॅम्लेट. अठराव्या शतकातल्या कुठल्या नाटकगृहाला हे साधले असते?

चित्राखालच्या पट्टीत नाटक, अंक, प्रवेश आणि संवादाच्या ओळी असतात. डावीकडे चित्रकाराच्या नावापुढे ‘पिंक्सिट’ (रंगवले), उजवीकडे कोरणाऱ्याच्या नावापुढे ‘स्कल्प्सिट’ (कोरले) असे लॅटिन शब्द येतात. प्रकाशकाचा पत्ता आणि तारीखही तिथेच. भिंग लावले की गालावरची मऊ सावली सुटून बारीक ठिपके दिसू लागतात. ही ‘स्टिपल’ पद्धत. रेषांनी कोरण्यापेक्षा ती झटपट होई, पण जाणकार तिला कमी लेखत. कामाचा दर्जा आणि विलंब या दोन्हींवरून वर्गणीदार कुरकुरू लागले. व्यंगचित्रकार गिलरेला यात काम मिळाले नव्हते. त्याने १७८९ मध्येच लोभापुढे शेक्सपियरची आहुती देणारा बॉयडेल काढला.

घाव बसला तो युद्धाचा. १७९३ पासून फ्रान्सशी लढाई जुंपली आणि युरोपातली गिऱ्हाइके तुटली. कर्ज फेडण्यासाठी संसदेच्या परवानगीने तीन गिनींच्या २२,००० तिकिटांची सोडत काढली. बॉयडेल डिसेंबर १८०४ मध्ये वारला. पुढच्याच महिन्यात सोडत निघाली. गॅलरी विल्यम टॅसी याला लागली आणि त्याने चित्रे लिलावात काढली.

ताम्रपट मात्र फिरत राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास न्यूयॉर्कच्या स्पूनर या प्रकाशकाने ते डागडुजी करून पुन्हा छापले. तांबे मऊ असल्याने प्रत्येक छपाईत थोडे झिजते. म्हणून संग्राहक आधी सावलीची जागा पाहतात. तिथे ठिपके विरळ आणि काळा रंग राखाडी झालेला दिसला, तर छाप उशिराचा.